कोणता प्रश्न लागला

सोमवार, ७ जुलै

ही डायरी मॅडमनी दिली. पुस्तकांच्या कंपनीनं कॉलेजात फुकट वाटलेली, गेल्या सालची. छापलेले वार जुळत नाहीत, ते खोडून मी खरा वार लिहिते. मॅडम म्हणाल्या, मावशी, रोज दोन ओळी लिहीत जा, हात वळता राहील. मी म्हटलं, चौथीत शाळा सुटली माझी, हात कधी वळलाच नाही. त्या म्हणाल्या, चौथी पुष्कळ झाली. बरं बाई. लिहिते.

आता काय लिहू. सकाळी वर्ग झाडले. चहा केला. नकली कोर्टाची खोली पुसली. हे कायद्याचं कॉलेज आहे, आणि इथं एका खोलीत कोर्ट मांडलंय. जज्जाची उंच खुर्ची, साक्षीदाराचा कठडा, वकिलांची टेबलं. सगळं सुतारानं केलेलं. खरी म्हणावी तर फक्त धूळ.

मी इथं दीड-दोन वर्षांपूर्वी लागले, हे गेल्यावर. हे म्हणजे पोरीचे वडील. साबणाच्या कारखान्यात माल वाहणाऱ्या पट्ट्यात सापडले.

झाल्या दोन ओळी.

बुधवार, ९ जुलै

मॅडम यंदाच आल्यात. त्यांची शिकवायची तऱ्हा वेगळी. पुस्तकातला जुना, निकाल लागलेला खटला काढायचा आणि पोरांना उभं करायचं. अर्धी पोरं या बाजूचे वकील, अर्धी त्या बाजूचे, एक जज्ज. साक्षीदार मात्र पोरांतले चालत नाहीत. ती सगळी शहाणी, कायदा बघून उत्तर देतात. मॅडमना साधं माणूस हवं होतं. मी दारात बादली घेऊन उभी होते, तर मलाच कठड्यात चढवलं.

सायकलचोरीचा खटला. मी सायकलवाल्याची शेजारीण. काय बघितलं ते मोठ्या अक्षरात अर्ध्या पानावर लिहून दिलेलं. वाघोबानं प्रश्न विचारले. वाघोबा म्हणजे वर्गातला एक पोरगा, काडीसारखा, पण आवाज असा की खिडकीची काच हलते. नाव पोरांनीच ठेवलंय. तो म्हणाला, अंधारात सायकल ओळखलीत कशी? मी म्हटलं, करकरते ती, अख्ख्या गल्लीला माहीत आहे. पोरं हसली. पानावर तसं नव्हतं, पण सायकली करकरतातच.

शेवटी मॅडमचा एक नियम आहे. प्रश्न संपले की साक्षीदारानं लगेच उतरायचं नाही. ज्यानं प्रश्न विचारले त्याच्याकडे वळायचं आणि सांगायचं, कोणता प्रश्न लागला. त्यानं उभं राहून ऐकायचं, उलट एक शब्द बोलायचा नाही. मॅडम म्हणाल्या, निकाल पुस्तकात सापडतो, प्रश्न कुठं लागतो ते पुस्तकात छापत नाहीत.

मी म्हटलं, एकही नाही. सायकल कुठं माझी होती.

शनिवार, १२ जुलै

पोरीनं सकाळी सकाळी डोकं उठवलं. ती औषधाच्या दुकानात काउंटरवर असते, आज तिची दुपारची पाळी. म्हणाली, आई, चहा-साखरेचे डबे या खालच्या फळीवर कशाला? कोपर लागतं, वर तेलकट होतात. वरची फळी रिकामी आहे, आपण दोघी एवढ्या उंच, हात सहज पोचतो. मी म्हटलं, राहू दे. ती म्हणाली, कोणासाठी? मी म्हटलं, सवय. ती आपटत निघून गेली.

सवयच आहे. ह्यांचा हात वरच्या फळीला पोचत नव्हता. मी ताडमाड, पोरगी माझ्यावर गेलेली. लग्नात फोटोवाल्यानं ह्यांना पायरीवर उभं केलं होतं. लोक तोंड लपवून हसायचे, हे उघड हसायचे. कोणी विचारलं तर सांगायचे, घरात शिडी हवी होती म्हणून हिच्याशी लग्न केलं. शेवटी शेवटी एक नवीन काढलं होतं. कारखान्यात पट्टा थांबवायचं लाल बटण असतं. ढकलगाडीचा धक्का लागून ते सारखं दाबलं जायचं आणि काम थांबायचं, म्हणून साहेबांनी ते भिंतीवर वर नेलं. तर हे घरी येऊन म्हणाले, बटण तुझ्या मापानं लावलंय, उद्यापासून तूच जा कामाला. मी भांडी घासत होते. म्हटलं, जेवून घ्या.

भाजी चिरायची राहिलीय.

गुरुवार, २४ जुलै

खऱ्या कोर्टाची तारीख होती. आमचे वकील बारा महिने सर्दीनं बेजार. रुमाल नाकाला, बोलतात काय ते निम्मं रुमालात जातं. मला एवढं कळलं की पुढच्या तारखेला ह्यांच्या पट्ट्यावरच्या जोडीदाराची साक्ष, त्याच्या पुढच्या तारखेला माझी.

कारखान्याचं म्हणणं असं आहे. पट्टा चालू असताना हे लाकडी खोक्यावर चढले, अडकलेला माल हातानं ओढायला गेले आणि सापडले. पट्टा थांबवला नाही, म्हणजे नियम मोडला, म्हणजे चूक त्यांची. वर म्हणतात, तोंडाला वास होता. खोका शेजारी आडवा पडलेला सापडला हे खरं आहे. खोक्यावर कशाला चढले, त्यांचं त्यांना माहीत.

पोरीला भरपाईशी देणंघेणं नाही. तिचं दुखणं वेगळंच आहे. कारखान्याच्या फाटकावर त्यांनी पाटी लावलीय. 'खोक्यावर चढू नका. अशाच चुकीने एका कामगाराचा जीव गेला.' पिवळ्यावर काळी अक्षरं. पोरीची बस रोज तिथून जाते. जाताना एकदा वाचते, येताना एकदा. म्हणते, आई, कोर्टानं एकदा सांगावं की बाबांची चूक नव्हती, मग मी त्या पाटीवर डांबर फासून येईन.

कोर्टाबाहेर म्हणाली, तुझी साक्ष असेल तेव्हा दगडासारखी उभी राहू नकोस. जरा रडलीस तर बिघडत नाही. मी म्हटलं, रडायला काय नळ आहे? फिरवला की आला? तिनं बस येईपर्यंत तोंड फिरवून घेतलं.

मला खरंच येत नाही. तेव्हाही आलं नव्हतं. बायका मला हलवून हलवून रडवत होत्या. मी म्हणत होते, चहा कोणाकोणाला.

बुधवार, ६ ऑगस्ट

मॅडमना सांगायला गेले की माझी पण एक केस आहे, तारीख पडलीय. त्यांना ठाऊक आहे, सगळ्या कॉलेजला ठाऊक आहे. तोंड उघडलं तर हात वर केला त्यांनी. म्हणाल्या, मावशी, त्यातलं मला एक अक्षर सांगू नका. जे सांगायचं ते तिथं सांगा. काय बोलायचं ते मी सांगितलं तर ती शिकवलेली साक्ष होते.

मी काय कडेवर घ्या म्हटलं होतं? शेजारीपाजारी खोदून खोदून विचारतात, हिला ऐकायचंही नाही. कोरडी बाई आहे.

मग वर्गात पोरांना साक्षीदारानं कसं बोलावं ते शिकवलं. एका प्रश्नाला एक उत्तर. घाई करायची नाही. कळलं नाही तर कळलं नाही म्हणायचं. पाणी मागायला लाजायचं नाही. बघितलं ते बघितलं, ऐकलं ते ऐकलं, दोन्हींची भेसळ करायची नाही. सगळं माझ्याकडे बघत शिकवत होत्या. मी दारात उभी होते म्हणून असेल. पोरं वहीकडे बघत होती.

बुधवार, १३ ऑगस्ट

आज भिंतीचं भांडण. दोन शेजारी, मधली पत्र्याची भिंत कोणाची. मी एकाची बहीण. प्रश्न टाचणीनं विचारले. ही वर्गातली सगळ्यात बुटकी पोरगी, बारीक आणि टोचरी. चांगले विचारत होती, मग शेवटी म्हणाली, भावानं भिंत बांधली तेव्हा तुम्ही काहीच का बोलला नाहीत? मी म्हटलं, तोंडात खिळे होते, पत्रे मीच धरून देत होते. झालं, तिचा खटला तिथंच आडवा. पोरं बाकं बडवायला लागली.

मॅडमनी टाचणीला उभंच ठेवलं. म्हणाल्या, उत्तर माहीत नसलेला प्रश्न उलटतपासणीत विचारायचा नाही. वकिलाला वाटतं आपण दार बंद करतोय, आणि तो उघडून बसतो.

कोणता लागला? एकही नाही.

वाघोबा खाली येऊन चहा पिताना म्हणाला, मावशी, तुम्ही माणूस आहात की भिंत? मी म्हटलं, कप धुऊन ठेव.

मंगळवार, १९ ऑगस्ट

जोडीदाराची साक्ष झाली. इतकी वर्षं ह्यांच्याबरोबर एका पट्ट्यावर उभा राहिलेला माणूस. आमच्या घरी शेकडो वेळा जेवलेला. म्हणाला, मी पाठमोरा होतो, आवाज आला तेव्हा वळलो. आमच्या वकिलांनी विचारलं, खोका तिथं कशाला होता? तो म्हणाला, ध्यानात नाही. त्याची नोकरी अजून तिथंच आहे. दोन पोरं शिकतायत.

बाहेर पडताना माझ्यासमोर आला. वहिनी, एवढंच म्हणाला. मी म्हटलं, जा, पाळी चुकेल.

पोरगी म्हणाली, तू त्याला एक शब्द बोलली नाहीस. काय बोलायचं असतं?

बुधवार, ३ सप्टेंबर

आजचा खटला पोरांनी निवडला होता. छापखान्यातला कामगार, यंत्रात हात गेला. मी त्याची बायको. मॅडमनी पान माझ्या हातात देताना विचारलं, मावशी, आज नको असेल तर शिपाईमामांना उभं करते. मी म्हटलं, त्यांना बायकोचं काम कसं जमेल? द्या इकडे.

वाघोबा मालकाचा वकील. तयारी करून आला होता.

नवरा पीत होता? म्हटलं, कधीमधी. त्या दिवशी? म्हटलं, मला माहीत नाही, मी घरी होते. यंत्र चालू असताना हात घालणं बरोबर की चूक? म्हटलं, चूक. मग चूक त्याची? मी म्हटलं, हात घालायची हौस म्हणून कोणी घालत नाही. मग म्हणाला, हात गेल्यावर नवऱ्याला तुम्ही प्रेमानं भरवलंत का? हा काय प्रश्न झाला. मी म्हटलं, भूक लागल्यावर भरवलं. कोणी हसलं नाही. वाघोबा पुढचा प्रश्न विसरला.

मग वळून सांगायची वेळ आली. तो उभा होता, मान खाली. मी सांगितलं, एकही नाही. तो म्हणाला, मावशी, खरं सांगा. मॅडम म्हणाल्या, तू बोलायचं नाहीस. आणि त्या बाहेर गेल्या. पलीकडे बेसिनचा नळ बराच वेळ चालू होता. पाण्याची नासाडी. परत आल्या तर डोळे लाल. डोळे आल्याची साथ आहे सध्या. मी उद्या त्यांचा कप वेगळा ठेवणार आहे.

मंगळवार, १६ सप्टेंबर

माझी साक्ष झाली. सगळं लिहून ठेवते.

खऱ्या कोर्टाची खोली आमच्या खोलीपेक्षा लहान निघाली. पंखा एका बाजूनं खडखडतो. कठडा लाकडीच, पण हात टेकायची जागा माणसांनी घासून घासून गुळगुळीत केलेली. पोरगी मागच्या बाकावर. रजा काढून आली होती. कॉलेजातलं कोणी नव्हतं. मॅडमनी काल फक्त एवढंच विचारलं, मावशी, रजा भरलीत ना?

आमच्या वकिलांनी शिंकत शिंकत विचारलं, नाव, वय, लग्न कधी, मुलं किती, पगार घरी देत होते का. दिलं उत्तर.

मग कारखान्याचे वकील उठले. माणूस गोरापान, गुळगुळीत, बोलायला गोड. पहिला प्रश्न दारूचा. म्हटलं, लग्नकार्यात घ्यायचे, कामावर जाताना नाही. कशावरून? म्हटलं, डबा मी द्यायची, तोंड रोज समोर असायचं. मग, तुम्हाला कोणी शिकवून पाठवलंय का? म्हटलं, मी कायद्याच्या कॉलेजात झाडू मारते, तिथं सगळ्यांना शिकवतात. पण काय सांगायचं ते मला कोणी सांगितलं नाही, मी विचारायला गेले तर हाकलून दिलं. मागे कोणीतरी हसलं. मग, नियम माहीत होते का त्यांना? होते. खोक्यावर चढायला मनाई होती? असेल, पाटी तर नंतर लावली. मग चूक त्यांचीच? म्हटलं, ते ठरवायलाच तर आपण इथं आलोय.

हे सगळं कॉलेजात होतं तसंच चाललं होतं. माझं लक्ष पंख्याकडे होतं.

मग त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मागे वळून पोरीकडे पाहिलं, आणि म्हणाले, तुमचे यजमान अंगानं धडधाकट होते ना? म्हटलं, होते. उंचीनं चारचौघांसारखे? पट्टा तर कमरेएवढा असतो. म्हणजे सरळ काम करणाऱ्याला खोक्याची काही गरज नव्हती. बरोबर?

मी म्हटलं, चारचौघांसारखे नव्हते.

"मग केवढे होते? नीट सांगा."

फुटात मला माहीत नाही. कपडे शिवायला टाकताना माप शिंपी घ्यायचा. म्हणून मी हातानं दाखवायला गेले. हात आपोआप उचलला आणि माझ्या कानाखाली येऊन थांबला. आडवा, तळवा खाली. मी म्हटलं, एवढे.

हात तिथंच राहिला. हाताखाली काही नव्हतं. रस्ता ओलांडताना मी त्यांच्या डोक्यावरून पलीकडची गाडी बघायची. तेवढंच अंतर. मला हात खाली घ्यायचा होता. जमेना.

वकील म्हणाले, बरं, मग खोक्यावर चढून काय करत होते? त्यांना बहुतेक वाटलं मी आता अडकले. मी म्हटलं, पट्टा थांबवत असतील. लाल बटण वर नेलं होतं. हात पोचत नव्हता.

"तुम्ही होता का तिथं?"

"नव्हते. बघितलं नाही, ऐकलं. घरी येऊन सांगायचे, कारखान्यानं बटण बायकोच्या मापानं लावलंय, उद्यापासून तूच जा कामाला."

बोलून झाल्यावर मला कळलं मी काय बोलले. आमच्या वकिलांनी नाकावरचा रुमाल काढला. जज्जसाहेबांनी पहिल्यांदा वर पाहिलं. म्हणाले, कुठलं बटण? मी सांगितलं. वर कधी नेलं? म्हटलं, त्याच साली, हे जायच्या आधी थोडे दिवस. ढकलगाडीचे धक्के लागतात म्हणून. त्यांनी कारखान्याच्या वकिलांना विचारलं, बटणाची उंची कागदांत कुठं आहे? वकील कागद चाळत राहिले.

मग जज्जसाहेब म्हणाले, झालं, बाई, उतरा.

मी उतरले नाही. कारखान्याच्या वकिलांकडे वळले. कॉलेजात तसंच करतात म्हणून. माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

मी म्हटलं, "उंचीचा."

ते म्हणाले, काय?

"उंचीचा प्रश्न लागला. दारूचा नाही लागला. चूक कोणाची तो नाही लागला. उंचीचा लागला."

टाइप करणारी बाई थांबली. जज्जसाहेबांकडे बघायला लागली, हे लिहायचं का म्हणून. ते म्हणाले, नको. वकील खुर्चीत बसले होते ते उठून उभे राहिले. का उभे राहिले त्यांनाच ठाऊक, त्यांना नियम कोणी सांगितला होता? उभे राहिले आणि काही बोलले नाहीत. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हे कॉलेज नव्हे. मेल्याहून मेल्यासारखं झालं. चटाचटा उतरले, चप्पल उलटी घातली.

बाहेर पोरगी आली.  बसमध्ये मला खिडकी दिली. फाटक आलं तेव्हा दोघी बघत होतो, पाटी होती तशीच.

घरी आल्यावर तिनं चहा केला. डबा खालच्या फळीवरून घेतला आणि खालच्या फळीवर परत ठेवला.

बुधवार, १७ सप्टेंबर

मॅडमना सांगितलं की मी तिथं येडपटासारखं वागले. काय झालं तेही सांगितलं, आता साक्ष झाली, आता ऐकायला हरकत नसेल. त्या खिडकीकडे तोंड करून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, आज वर्ग नाही, तुम्ही घरी जा. मी म्हटलं, आणि खोल्या कोण झाडणार? झाडल्या.

डोळे अजून बरे नाहीत त्यांचे.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

कोर्टाचा माणूस टेप घेऊन कारखान्यात जाऊन आला. बटणाची उंची मोजली. ह्यांचं माप कोणाकडे? कारखान्यानं गणवेश शिवले होते त्या शिंप्याकडे. शिंपी आला आणि सांगून गेला. जोडीदाराला पुन्हा बोलावलं. या वेळी म्हणाला, खोका बटणासाठीच असायचा, माझा दोस्त रोज चढायचा, त्या दिवशीही पट्टा थांबवायला चढला होता, खोका सरकला. मी पाठमोरा नव्हतो.

कारखान्याचे वकील म्हणाले, आधी का नाही सांगितलं? तो म्हणाला, आधी उंची कोणी विचारली नव्हती.

नोकरीचं त्याचं काय होईल कोण जाणे. त्याच्या बायकोला भेटायला हवं.

गुरुवार, ११ डिसेंबर

निकाल लागला. आमचे वकील बाहेर येऊन म्हणाले, त्यांची चूक नव्हती असं लिहिलंय. आज त्यांना सर्दी नव्हती, शब्द स्वच्छ ऐकू आला.

पोरगी भिंतीला टेकून खाली बसली आणि मोठ्यानं रडली. येणारेजाणारे बघत होते. मी तिची पिशवी धरून उभी राहिले. मला काही वाटलं नाही. लिहायचं म्हणून लिहिते.

मंगळवार, २३ डिसेंबर

पाटी काढली. डांबर लागलं नाही. पोरगी म्हणाली, काढलेल्या जागी चौकोन दिसतो, भिंत तेवढीच उजळ राहिलीय. आता तो चौकोन बघते रोज. जोडीदार सांगून गेला, बटण खाली आणलं. कमरेच्या वर थोडं, आणि ढकलगाडी लागू नये म्हणून त्याला लोखंडी कडं बसवलंय. तासाभराचं काम होतं म्हणाला.

मी त्याला चहा दिला. कप हातात धरून बसला होता, गार होईस्तोवर.

बुधवार, ७ जानेवारी

डायरी संपली, ही मागची कोरी पानं आहेत.

मॅडमनी विचारलं होतं, मावशी, तुमचा खटला वर्गात घेऊ का? नावं काढून टाकते. मी म्हटलं, घ्या, निकाल लागलेलेच घेता ना तुम्ही. त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, एकदा हो म्हटलं की.

आज घेतला. मला काम नव्हतं. पहिल्यांदाच बाकावर बसले, मागे, बादली पायाशी. टाचणी माझ्या जागी कठड्यात. वाघोबा कारखान्याचा वकील. त्यानं म्हणे नको म्हटलं होतं, मॅडमनी त्यालाच दिलं. आज काच हलली नाही. हळू विचारत होता. दारूचा विचारला, नियमाचा विचारला. टाचणी माझ्यासारखं तुटक बोलायला बघत होती. पोरं एरवी हसली असती.

मग तो म्हणाला, तुमचे यजमान केवढे होते?

टाचणीनं कोर्टाचे कागद वाचले होते. त्यात लिहिलंय, साक्षीदाराने कानाखाली हात धरून दाखवले. तिनं हात उचलला आणि स्वतःच्या कानाखाली धरला. ती केवढी, तिचा कान केवढा. दहा वर्षांचं पोर उभं केल्यासारखं झालं.

मी उठले. बादलीला पाय लागला, पाणी सांडलं. नंतर पुसलं ते. पुढे जाऊन कठड्यात तिच्या शेजारी उभी राहिले आणि म्हटलं, एवढे बुटके नव्हते ते.

 मी तिचं मनगट धरलं आणि हात वर नेला. तिच्या कानावरून, डोक्यावरून, अजून थोडा. तिला टाचा उचलाव्या लागल्या. माझ्या कानाखाली आला तेव्हा थांबवला. म्हटलं, इथं.

ती तशीच उभी राहिली, टाचा उचलून. वाघोबा उभा होता. मॅडम उभ्या होत्या. पुढचा प्रश्न कोणी विचारला नाही.

हात दुखायला लागला असेल तिचा. आता सोड, असं सांगायचं माझ्या ध्यानातच आलं नाही.